ठाण्याच्या दाराशी कोण उभे राहणार?



‘जयभीम’ हा शब्द आपल्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. शेजारी भेटला की जयभीम, विहाराच्या पायरीवर जयभीम, दूरध्वनी उचलला की जयभीम. जो शब्द इतका अंगवळणी पडला आहे, त्याचा अर्थ विचारावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु २ नोव्हेंबर २०२१ रोजी ह्याच नावाचा एक तमिळ चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याने तो अर्थ आपल्यापुढे नव्याने मांडला. टी. जे. ज्ञानवेल यांनी दिग्दर्शित केलेला हा ‘जय भीम’ आपल्यापैकी अनेकांनी हिंदी भाषेत, घरबसल्या पाहिला असेल. पुष्कळांनी डोळे पुसले असतील. नावाचा अभिमानही वाटला असेल. डोळे पुसून झाल्यावर आपले काही कर्तव्य उरते काय, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे.

प्रथम ह्या शब्दाचे जन्मगाव आठवा. ते तामिळनाडूत नाही. ते आपल्या नागपुराला लागून असलेले कामठी होय. १९०४ साली कामठीत जन्मलेले बाबू हरदास एल. एन. यांच्याकडे ह्या अभिवादनाचे जनकत्व जाते. मुसलमान बांधव एकमेकांना भेटताच सलाम करतात; तसा आपल्या माणसांनाही आपला स्वतःचा, मान ताठ ठेवून उच्चारता येईल असा शब्द हवा, ह्या विचारातून तो त्यांना सुचला असे सांगतात. तोवर आपल्या वाडवडिलांच्या तोंडी होता तो ‘जोहार, मायबाप’. बाबू हरदास विडी कामगारांचे संघटक होते. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, ऐन पस्तिशीत, निवर्तले. त्यांच्या जीवनावर ‘बोले इंडिया जयभीम’ हा मराठी चित्रपटही २०१६ साली निघाला. तात्पर्य, हा शब्द विडी वळणाऱ्या हातांतून निघाला. ज्याची दाद कोठे लागत नाही, अशा माणसाच्या तोंडी घालण्यासाठी तो घडविला गेला.

हजार किलोमीटरहून दूरच्या एका कथेला हेच नाव का द्यावेसे वाटले, हे त्या कथेवरूनच कळेल. एका खेड्याबाहेर इरुळर ह्या आदिवासी जमातीची वस्ती आहे. साप आणि उंदीर पकडणे, वीटभट्टीवर राबणे हा त्यांचा चरितार्थ. जमिनीचा कागद नाही, मतदारयादीत नाव नाही. प्रौढांना अक्षरे शिकविणारी एक शिक्षिका त्यांच्यासाठी कचेरीत खेपा घालते आणि नकार घेऊन परत येते. राजाकन्नू नावाचा तरुण गावातील एका बड्या घरी साप पकडावयास जातो. पुढे त्या घरातील दागिने चोरीस जातात. संशय कोणावर, हे निराळे सांगावयास नको. राजाकन्नू मजुरीसाठी बाहेरगावी गेलेला असतो, म्हणून पोलीस त्याची गरोदर पत्नी सेंगेनी आणि अन्य नातलग यांना उचलून नेतात. मागाहून तोही सापडतो. ठाण्यात जे घडते ते पाहवत नाही. मग एके दिवशी कुटुंबाला सांगण्यात येते की, राजाकन्नू आणि त्याचे दोन नातलग कोठडीतून पळून गेले.

येथे चित्रपटाचा खरा विषय सुरू होतो. दागिने कोणी चोरले हा प्रश्न मागे पडतो आणि तीन जिवंत माणसे गेली कोठे, हा प्रश्न पुढे येतो. तो विचारते एक निरक्षर स्त्री. शिक्षिकेचे बोट धरून ती मद्रासला जाते, चंद्रू नावाच्या वकिलाला भेटते आणि वकील उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज करतो. ‘ज्याला तुम्ही धरले, तो माणूस आमच्यापुढे आणून उभा करा’ असे न्यायालयाने सरकारला बजवावे, अशी मागणी म्हणजे हा अर्ज. अखेर उघडकीस येते ते असे की, राजाकन्नू कोठेही पळालेला नव्हता. तो ठाण्यातच मारला गेला होता.

ही कल्पित गोष्ट नव्हे. १९९३ साली कडलूर भागात घडलेल्या प्रकरणावर ती आधारलेली आहे. ते चालविणारे वकील के. चंद्रू पुढे २००६ ते २०१३ ह्या काळात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. मूळ घटनेतील कुटुंब मात्र इरुळर नव्हते. ते कुरवर ह्या जमातीचे होते. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण कुरवर म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींपैकी एक, आणि आपल्याकडील कैकाडी हे त्यांचेच भाऊबंद. कैकाड्यांची बोली आजही द्राविडी कुळातील आहे. तेव्हा ती सेंगेनी आपल्याला परकी नाही. तिची बहीण विदर्भात टोपल्या विणताना आपण पाहिली आहे.

चित्रपटाचे नाव ‘जय भीम’ असले, तरी बाबासाहेबांविषयी त्यात फारसे भाषण नाही. शाळेच्या समारंभात लहान मुले देशातील पुढाऱ्यांचे वेष घेऊन उभी असतात, तेव्हा ह्यांत आंबेडकर का नाहीत, असे चंद्रू विचारतो. तथापि ज्या कायद्याच्या बळावर ती स्त्री लढते, तो कायदा बाबासाहेबांच्या हातचा आहे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी घटना समितीत एक नवे कलम मांडले. आज ते राज्यघटनेचा अनुच्छेद २२ म्हणून आपल्यापुढे आहे. अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याचा हक्क नाकारता येणार नाही. आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे हजर केलेच पाहिजे. ह्या तीन गोष्टी त्यात आहेत. चावडीवर अंगावर वळ उठेपर्यंत मार खाणे ज्या समाजाच्या वाट्याला आले होते, त्या समाजातून आलेल्या माणसाने हे चोवीस तास घटनेत लिहून ठेवले आहेत. त्यांचे मोल आपल्यासारखे कोण जाणणार?

चित्रपटातील एका प्रसंगाकडे तुमचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. प्रकरण अंगाशी येते आहे असे दिसताच पोलीस खात्यातील वरिष्ठ सेंगेनीपुढे पैसा ठेवतात. तिच्या पोटात मूल आहे, पदरी लहान मुलगी आहे, डोक्यावर छप्पर नाही. तरी ती पैसा नाकारते. ज्यांनी बाप मारला त्यांच्या पैशावर मुले वाढविली, तर पुढे ती विचारतील तेव्हा काय सांगावे, हा तिचा सवाल आहे. लढून हरलो, असे सांगणे तिला अधिक मानाचे वाटते.

कोणी म्हणेल, चित्रपटात असे घडते, प्रत्यक्षात कोण नाकारतो? त्याने परभणीकडे पाहावे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि अनेकांची धरपकड झाली. त्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजाचा तरुण होता. तो कायद्याचे शिक्षण घेत होता. १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. प्राथमिक शवविच्छेदन अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण नमूद झाले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. शासनाने देऊ केलेली दहा लाख रुपयांची मदत त्याच्या आईने स्वीकारली नाही. ती न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, आणि त्याविरुद्ध राज्य सरकारने केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२५ रोजी फेटाळले. त्या माउलीने हे सारे मुलाच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांच्या आत करून दाखविले.

येथे एक गोष्ट नजरेआड करू नका. सोमनाथ वडार होता. संविधानासाठी जो रस्त्यावर आला आणि ज्याचा देह घरी परत आला, तो आपल्या जुन्या जातीचा नव्हता. तामिळनाडूतील कुटुंबही आपल्या जातीचे नव्हते. जयभीम हा शब्द आपल्या वस्तीची वेस ओलांडून केव्हाच पुढे गेला आहे. आता आपण त्याच्याबरोबर वेस ओलांडणार आहोत की नाही?

हा सवाल विदर्भाला नवा नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. तिचा भाऊ आणि सोबतची माणसे त्या वेळी ठाण्याच्या बाहेर थांबलेली होती. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना दोषी धरले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, ही त्यामागील कारणे. ठाण्यात वर्दीपुढे उभ्या असलेल्या गरीब मुलीने आरडाओरड करावी, ही अपेक्षा! १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रियांनी मोर्चे काढले, आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्कार हा निराळा, अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा ठरला. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही. परंतु बाहेरची माणसे जागी राहिली, म्हणून पुढच्या मुलींसाठी कायदा तरी बदलला.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. चित्रपटाच्या आरंभी तुरुंगाचे फाटक दिसते. सुटलेल्या कैद्यांना अधिकारी जात विचारतो. वरच्या जातीचा असेल तो घरी जातो. खालच्या जातीचा असेल त्याला बाजूला उभे करतात आणि निरनिराळ्या ठाण्यांचे पोलीस आपल्याकडील न उलगडलेले गुन्हे त्याच्या माथी मारण्यासाठी त्याला वाटून घेतात. हे दृश्य १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या पोटातून आले आहे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जातात. पण रद्द झालेला कायदा माणसांच्या मनात आणि तुरुंगांच्या नियमावलीत टिकून राहिला. तो इतका की, कैद्यांना जातीवरून कामे वाटून देणारे आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणारे नियम घटनाविरोधी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल देऊन सांगावे लागले.

न्यायालयाने आपले काम केले. आपले काय? आपल्या वस्तीजवळ पारध्यांचे बिऱ्हाड उतरले, तर आपल्या घरात काय बोलले जाते? ‘सामान आत घ्या, कड्या लावा’ असे कोणी म्हटले, तर घरातील किती जण त्याला अडवतात? जन्मावरून माणसाला विटाळ मानणारी व्यवस्था आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ह्याच नगरीत टाकून दिली. जन्मावरून माणसाला चोर मानणे ही तीच व्यवस्था होय. फक्त विटाळाच्या जागी संशय बसला आहे. दीक्षा घेतलेल्या घरात तिला थारा असता कामा नये. आणि आता तर भटक्या-विमुक्तांतील अनेक कुटुंबेही आपल्याच वाटेने आली आहेत. २७ मे २००७ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने भटक्या-विमुक्त जमातींतील लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांना आपण ‘जयभीम’ म्हणून प्रतिसाद देतो. त्यांच्या घरी पोलिसांची गाडी आली, तर त्याच आवाजात देणार आहोत काय?

ह्यावर येणारे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. ‘आपली मुले कोठे आता शिकू लागली, नोकरीला लागली. दुसऱ्याच्या पोलीसप्रकरणात पडून त्यांचे भवितव्य कशाला धोक्यात घालायचे? आपली दुःखे काय थोडी आहेत?’ दुःखे थोडी नाहीत हे खरे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, ती जखम अजून ओली आहे. परंतु तेव्हा आपल्याला सर्वांत अधिक काय सलले ते आठवा. गाव पाहत राहिले आणि कोणी आड आले नाही, हे सलले. मग दुसऱ्याच्या संकटात आपणही नुसते पाहत राहिलो, तर त्या गावाला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला कोठून राहील? भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. एकट्याने गेले तर भीती आहेच. दहा घरांनी मिळून जावे.

चित्रपटात एक उणेपणही आहे, ते सांगितले पाहिजे. त्यात वकील फार मोठा होतो. सूर्या ह्या प्रसिद्ध नटाने ती भूमिका केली आहे. त्यामुळे पाहणाऱ्याची नजर त्याच्यावरच खिळते आणि मनाशी असा समज होतो की, एखादा चंद्रू येईल तेव्हा न्याय मिळेल. चंद्रू रोज जन्मत नाहीत. पण त्या शिक्षिकेकडे पाहा. तिच्याजवळ सत्ता नाही, पैसा नाही, वकिलीची सनद नाही. वस्तीतील माणसांची नावे तिला ठाऊक आहेत, कागद वाचता येतो, आणि संकटाच्या वेळी ती सेंगेनीबरोबर चालू लागते. ती नसती तर सेंगेनी चंद्रूपर्यंत पोहोचलीच नसती. वकील होणे प्रत्येकाला साधणार नाही. ती शिक्षिका होणे आपल्या प्रत्येक वस्तीतील दहावी-बारावी झालेल्या मुलीला, निवृत्त कारकुनाला, रेल्वेतील कामगाराला साधण्यासारखे आहे.

त्यासाठी काय ठाऊक असावे लागते? फार नाही. माणूस धरून नेला की प्रथम वेळ आणि तारीख कागदावर लिहावी. चोवीस तास तेथून मोजावयाचे असतात. कोणत्या ठाण्यात नेले, हे विचारावे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अटकेची खबर नातलगाला किंवा त्या माणसाने सांगितलेल्या व्यक्तीला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करावयाची झाल्यास महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. अंगावर मार असेल, तर त्याने दंडाधिकाऱ्यापुढे तो दाखवावा आणि नोंदवून घेण्यास सांगावे. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते; ‘आमच्या हद्दीत नाही’ हे कारण आता चालत नाही. फीसाठी पैसे नाहीत म्हणून कोणी अडून राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कचेरीत अर्ज करता येतो. १५१०० ह्या क्रमांकावर विचारताही येते. हे सारे एका पानावर मावते. ते पान प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लागावे, आणि महिला मंडळांनी रविवारच्या वंदनेनंतर ते वाचून दाखवावे, अशी आमची सूचना आहे.

आणखी एक. जेथे गुन्हा पैशाने मिटविण्याची भाषा होईल, तेथे त्या कुटुंबाला एकटे सोडू नका. पोटाला नाही म्हणून माणूस पैसा घेतो. त्याला दोष देणे सोपे आहे. सेंगेनीसारखा नकार द्यावयाचा असेल, तर खटला चालेपर्यंत त्या घरची चूल कोणीतरी पेटती ठेवावी लागते. तारखेच्या दिवशी मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, लहान मूल सांभाळावे लागते. नकार तिने द्यावा आणि ओझे समाजाने वाहावे, तेव्हाच तो नकार टिकेल. आपल्या वर्गणीच्या वहीत जयंतीच्या रोषणाईसाठी जेवढे पान असते, तेवढेच एक पान ह्या कामासाठी राखून ठेवता येणार नाही काय?

त्या चित्रपटाच्या शेवटी चंद्रू पायावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचीत बसलेला असतो. त्याच्या शेजारी सेंगेनीची लहान मुलगी येऊन बसते, तसाच पायावर पाय टाकते आणि वर्तमानपत्र उघडते. मोठ्यांच्या समोर पाय खाली घेऊन बसावे, असे तिच्या आईबापांना जन्मभर शिकविले गेलेले असते. तिला ते शिकविणारा तेथे कोणी नाही. ती मुलगी मोठी होईल, अर्ज लिहील, दुसऱ्या कोणाबरोबर ठाण्याच्या दाराशी उभी राहील. आपल्याही घरांत अशा मुली वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या आहेत. त्यांना ‘जयभीम’ हा शब्द तर आपण दिलाच आहे. त्या शब्दाबरोबर दुसऱ्याच्या दाराशी जाऊन उभे राहावे लागते, हेही त्यांना आपल्या वागण्यातून दिसू द्या.

जयभीम.